वाटी नक्की कुठली? कॅलरी मोजण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी फक्त एवढंच लिहिलं होतं की पंधरा दिवस जे काय तोंडात जातं ते लिहून काढा आणि मग मला विचारा. तुम्ही लोकांनी खरंच लिहून काढलं! वह्यांचे फोटो आलेत, ॲपचे स्क्रीनशॉट आलेत, एका आजोबांनी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात तसे चहाचे कप मांडून पाठवलेत (बावीस तारखेला नऊ आहेत आजोबा, मी मोजले). सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, जे प्रश्न परत परत आले त्यातले काही घेते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी ४४ वर्षांची, उंची १५५ सेंमी, वजन ७१ किलो. ॲपने मला रोजच्या १२०० कॅलरी सांगितल्यात आणि दोन महिने मी प्रामाणिकपणे सगळं लिहितेय, रोज १२०० च्या आतच असते, तरी वजन फक्त सहाशे ग्रॅम उतरलं. थायरॉईड चेक केलं, नॉर्मल. सासूबाई म्हणतात तुझं हाडच जड आहे. माझा एक दिवस लिहून पाठवतेय : सकाळी चहा, पोहे १ वाटी. दुपारी चपाती २, भाजी १ वाटी, वरण १ वाटी, भात अर्धी वाटी. चारला चहा. रात्री चपाती २, भाजी १ वाटी, ताक. काय चुकतंय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हाडबिड काही जड नाही हो. आणि तुम्ही खोटंही लिहीत नाही आहात, हे आधीच सांगते कारण घरी तुम्हाला दोन-चारदा ऐकून घ्यावं लागलं असणार की "गपचूप खात असशील".

१९९२ साली अमेरिकेत काही संशोधकांनी अगदी तुमच्यासारखीच दहा माणसं घेतली होती, "आम्ही १२०० च्या आत खातो तरी वजन हलत नाही" म्हणणारी. त्यांचं शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा वापरतंय ते नीट मोजलं. शरीरात काही बिघाड नव्हता, सगळं नॉर्मल. पण ती जेवढं खाल्लं म्हणून लिहीत होती त्यात खऱ्या खाण्यातलं जवळजवळ निम्मं, म्हंजे सरासरी ४७ टक्के, आलेलंच नव्हतं, आणि व्यायाम मात्र दीडपट लिहिला होता. आणि हे काय तिकडच्याच लोकांचं नाही, मी स्वतः आहारतज्ज्ञ असून माझा पहिला आठवडा मी असाच लिहिला होता.

आता तुमच्या यादीकडे बघू. चपाती २ लिहिलीत, तुमच्या स्क्रीनशॉटमधे ॲपने एका चपातीला ८५ कॅलरी धरल्यात. ८५ ची कोणती? तर साधारण २५ ग्रॅम कणकेचा, तेल न लावलेला कोरडा फुलका. तुमच्याकडे होते ती घडीची पोळी. मी तुम्हाला फोन करून विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात की एक किलो कणकेच्या पंचवीसेक पोळ्या होतात, म्हणजे एका पोळीला ४० ग्रॅम कणीक झाली, तिच्या १४०, आणि घडीत एकदा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी मिळून चमचाभर तेल, त्याच्या ४०. झाले १८०. फरक ९५ चा, आणि अशा चार पोळ्या, म्हणजे ३८० कॅलरी रोज नुसत्या "चपाती" या शब्दात लपल्यात.

मग वाटी. वाटी नक्की कुठली? आमच्याच घरात तीन जातीच्या आहेत. नैवेद्याची छोटी, रोजची आमटीची, आणि माझ्या लग्नात आलेली नाव घातलेली पसरट. एकदा पाणी भरून मोजलं तर ९०, १५० आणि २३० मिली निघाल्या. बऱ्याच तक्त्यांमधे वाटी म्हणजे १५० मिली धरलेली असते. तुमचं वरण कुठल्या वाटीत येतं ते बघा एकदा, आणि भाजी चेपून भरता की सैल तेही बघा.

आणि तेल. हे सगळ्यात मोठं, आणि ताटात दिसतच नाही. तुम्ही सांगितलंत की पाच लिटरचा डबा चौघांना महिनाभर जातो आणि "आमच्यात तेल कमीच असतं". हिशोब करू. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, वर तूप वेगळं, बाहेरचं खाणं वेगळं. बैठं काम असलेल्या माणसाला वरून घेतलेलं तेल-तूप सगळं मिळून दिवसाला वीस ते तीस ग्रॅम खूप झालं. यातलं निम्मं तेल पोळ्यांत मोजून झालं, उरलेलं फोडणीत. म्हणजे ॲपने धरलेल्यापेक्षा फोडणीत जास्तीचं आणि वाटीचा फरक मिळून अजून दीडशे-पावणेदोनशे धरा.

आता गंमत बघा. लिहिलेल्या ११९०, पोळ्यांचे ३८०, हे १७०, एकूण झाले १७४०. तुमचं वय-उंची-वजन सूत्रात घातलं (१० गुणिले वजन, अधिक ६.२५ गुणिले उंची, वजा ५ गुणिले वय, बायकांसाठी वजा १६१) तर नुसतं पडून राहायला १३०० च्या आसपास लागतात, घरकाम वगैरे धरून १८००. म्हणजे रोजची तूट जेमतेम साठ-सत्तरची. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी, तर साठ दिवसांत किती उतरायला पाहिजे? साधारण अर्धा किलो. तुमचे उतरले सहाशे ग्रॅम! शरीर अगदी वाण्यासारखा चोख हिशोब ठेवतंय, वहीच चुकलीय. (नेहमी इतकं छान जुळत नाही बरं का, अंगात पाणी धरतं, पाळीच्या आधी किलोभर वाढतं, त्यामुळे रोजचं वजन बघून जीव खाली-वर करू नका, आठवड्याची सरासरी बघा.)

करायचं काय? पहिलं म्हणजे १२०० चा नाद सोडा, तुमच्यासाठी १४०० ठीक आहेत, खऱ्या १४००. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा, त्याच्यावर पंधरा दिवस मोजा, जन्मभर नाही. भाजी करताना रिकामी कढई आधी काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा, जे जे घालाल ते लिहा, भाजी झाल्यावर कढईसकट वजन, वजा कढई. एकूण कॅलरी भागिले एकूण ग्रॅम. एकदा हे केलंत की तुमच्या घरच्या भेंडीचा आकडा तुमच्याकडे कायमचा झाला, ॲपमधल्या कुणा अनोळखी माणसाच्या भेंडीची गरज नाही. भाताला एक लक्षात ठेवा, कच्चे तांदूळ शंभर ग्रॅमला ३५० आणि शिजलेला भात शंभर ग्रॅमला १३०, ॲपमधे दोन्ही "राईस" नावाने बसलेले असतात आणि लोक हमखास भलताच निवडतात.

आणि तेलाचं सगळ्यात सोपं. फोडणीला पळीने तेल ओतणं बंद, चमच्याने घाला. पळीने ओतताना हात कुठे थांबतो ते आपल्याला कळतच नाही, मी एकदा सासूबाईंची "थोडंसं" ची पळी मापात ओतून बघितली होती, ३५ मिली निघालं. तीनशे कॅलरीचं थोडंसं.

प्रश्न : हाय, मी २९, हिंजवडीत आयटी मधे. रोज जिम एक तास प्लस दहा हजार स्टेप्स. माझं स्मार्टवॉच रोज ९०० ते १००० कॅलरी बर्न दाखवतं. ॲप त्या परत खायला ॲड करतं म्हणून मी तेवढं जास्तीचं खातो. चार महिन्यात वजन उलट दोन किलो वाढलं. मसल असेल का?

उत्तर : काही असेल, दोन किलो सगळं मसल असेल तर मला पण तुझ्या जिमचा पत्ता दे.

घड्याळावर इतका विश्वास नको ठेवूस बाबा. २०१७ मधे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी सात प्रकारची मनगटी घड्याळं लॅबमधे तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरीत सगळ्यात बरं होतं तेसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. मॉडेल आता बदलली असतील पण घड्याळाला तुझ्या आत किती जळतंय ते दिसत नाही, ते ठोके, हालचाल आणि तू भरलेलं वय-वजन यावरून अंदाज बांधतं. दहा हजार पावलं म्हणजे तुझ्या वजनाला साधारण तीनशे, तासभर वजनं उचलली (त्यातला वीस मिनिटं मोबाईल धरून बसलेला वेळ वजा करून) दोन-अडीचशे. आणि यातल्या काही कॅलरी तर तू खुर्चीत बसून राहिला असतास तरी जळल्याच असत्या, त्या ॲपने तुझ्या रोजच्या आकड्यात आधीच धरलेल्या असतात. म्हणजे त्या दोनदा मोजल्या जातात.

ॲपच्या सेटिंगमधे व्यायामाच्या कॅलरी परत मिळवण्याचा पर्याय असतो तो बंद करून टाक. जिमनंतर खूप भूक लागली तर दोन अंडी खा, दीडशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रोटीन. सध्या गेटबाहेरच्या गाडीवर काय खातोस ते तू लिहिलं नाहीयेस, पण एक वडापाव तीनशेच्या आसपास जातो आणि तर्रीवाली मिसळ दोन पावांसकट सहाशे-सातशे, एवढं सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, मी ५८ वर्षांची, श्रावणात सोमवार आणि शनिवार करते, वर एकादशी, चतुर्थी असतेच. इतके उपास करून पण वजन कमी होत नाही उलट श्रावण संपला की दोन किलो जास्तच भरतं. असं कसं? — कोल्हापूर

उत्तर : काकू, "एकादशी दुप्पट खाशी" हे आपल्याकडे कोणी कॅलरी मोजायच्या आधीच म्हणून ठेवलंय.

देवाचं राहू द्या एका बाजूला, मी फक्त खिचडीच्या थाळीबद्दल बोलते. एका माणसाची खिचडी म्हणजे कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, त्याच्या २१०. दाण्याचं कूट २५ ग्रॅम, १४०. (आणि कूट जास्त असल्याशिवाय खिचडी मोकळी होत नाही, हो ना?) टेबलस्पूनभर तूप, ११५ ते १२०. अर्धा बटाटा, ४०. पाचशेच्या वर गेलो आपण, आणि वरून गोड दही आहे, बटाट्याचा तळलेला कीस आहे, दुपारी चहाबरोबर उपासाचा चिवडा आहे, रात्री परत उरलेली खिचडी किंवा वडे. रोजच्या जेवणात दोन पोळ्या-भाजी-वरण असतं तेवढंच, कधी जास्तच होतं. फरक असा की वरण-भाजीतलं प्रोटीन आणि चोथा गेला, साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नाही. त्यामुळे तीन तासात परत पोटात खड्डा पडतो. एक मात्र मान्य करते की खिचडीत जे काय प्रोटीन आहे ते बिचाऱ्या दाण्यांचंच, म्हणून कूट पूर्ण काढू नका, मोजून घाला, दोन टेबलस्पून पुरे.

माझ्या आईचं असायचं की उपास म्हणजे सकाळी एक केळं, दुपारी भगर आणि ताक, रात्री पण ताकच. आम्ही हट्ट केला तरच साबुदाणा भिजायचा. तुम्ही आठवड्यातला एक उपास खिचडीचा ठेवा, मनाला पण बरं वाटतं, आणि दुसरा भगर-दही, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, दूध असा करा. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रोटीन असतं, उपासाला चालणाऱ्या पिठात त्याच्यासारखं दुसरं नाही. राजगिऱ्याचा लाडू नाही म्हणाले मी, भाकरी म्हणाले.

आणि दोन किलोंबद्दल, ते सगळे खिचडीचे नसतील काकू. श्रावणात सोमवारी संध्याकाळी उपास सुटताना काय काय असतं, नागपंचमीची दिंडं, पौर्णिमेचा नारळीभात, मंगळागौरीच्या मुलींबरोबरचं जेवण, हे तुम्ही यादीत घातलंच नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे, अकरावी. पाच महिन्यांपूर्वी मैत्रिणींबरोबर कॅलरीचं ॲप घेतलं. ५२ किलोची ४३ झाली, उंची १६० सेंमी. आता दिवसाला ८०० च्या वर जात नाही, पोळी काट्यावर ठेवल्याशिवाय खात नाही, दिवसातून तीनदा वजन करते, कुणाकडे जेवायला यायला नाही म्हणते. पाळी तीन महिने आलेली नाही. नातेवाईक म्हणतात किती छान बारीक झाली. मला भीती वाटते. मी जास्त विचार करतेय का?

उत्तर : नाही, तुम्ही अजिबात जास्त विचार करत नाही आहात, आणि हे पत्र मी पहिलं ठेवायला पाहिजे होतं.

या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. पुढच्या नाही, या. आधी फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ चालतील, त्यांना हेच सगळं असंच सांगा, पाच महिन्यात नऊ किलो आणि तीन महिने पाळी नाही हे दोन आकडे आवर्जून सांगा, नाहीतर "परीक्षेचं टेन्शन असेल" म्हणून परत पाठवायची शक्यता असते. नाडी, बीपी, रक्तातले क्षार, ईसीजी बघून घेतील. त्याच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञ पण लागणार आहेत, त्याला घाबरू नका आणि लपवू पण नका. सरकारची टेलिमानस म्हणून फुकट हेल्पलाईन आहे, १४४१६, तिथे तुम्ही स्वतःसुद्धा आई म्हणून बोलू शकता.

सोळा ते अठरा वयाच्या मुलीला दिवसाला अडीच हजार कॅलरी लागतात असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. अडीच हजार! माझ्या वयाच्या बाईपेक्षा कितीतरी जास्त, कारण हाडं अजून भरतायत. ही ८०० वर आहे. शरीराने पाळी बंद केली म्हणजे त्याने खर्चात कपात सुरू केलीय.

ताटावरून भांडू नका, "एवढी तरी खा" म्हणून मागे लागू नका, आणि एकदम ठासून खायला घालायलाही जाऊ नका, फार दिवस कमी खाल्लेल्या शरीराला अचानक भरपूर दिलं तर त्याचाही त्रास होतो, किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. वजनकाटा माळ्यावर टाका, तुमचा पण. घरात आपण "आज फार झालं बाई, उद्या उपास" असं जे सहज बोलतो ते काही महिने बंद. आणि ज्या नातेवाईकांना छान बारीक वाटतंय त्यांना फोनवरच सांगून टाका की तिच्या अंगावर काहीही बोलायचं नाही, चांगलं पण नाही.

बाकीच्या आयांसाठी पण सांगते, वाढत्या वयात मुलांच्या हातात कॅलरीचं ॲप देऊच नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींनी पण या भानगडीत पडायचं नाही, तिथे उलट जास्तीचं लागतं, गरोदरपणी रोज साडेतीनशे आणि पहिले सहा महिने पाजताना सहाशे.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा. मी आयुष्यभर सडपातळ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.५. तरीही गेल्या वर्षी मधुमेह निघाला, ग्लिमेपिराईड असलेली गोळी चालू आहे. मुलगी म्हणते बाबा कॅलरी मोजा. बारीक माणसाने कशाला मोजायच्या?

उत्तर : सर, तुमच्यासारख्यांवर तर पुण्यात आयुष्य घालवलेले डॉक्टर आहेत. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक डॉक्टरांची २१.२! बाहेरून बारीक आणि आतून चरबी, आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवणच अशी असते आणि म्हणून बीएमआय बघून आपण निर्धास्त होतो आणि शुगर मागच्या दाराने येते.

तेव्हा टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजा, श्वास आत न ओढता. पुरुषांना ९० सेंमीच्या आत पाहिजे, बायकांना ८०.

कॅलरी कमी करायच्या का? तर तुम्ही स्वतःहून मुळीच नाही. ग्लिमेपिराईड शुगर खाली ढकलतं, जेवण कमी केलं आणि गोळी तेवढीच ठेवली तर शुगर एकदम पडते, घाम, थरथर, चक्कर. मुलीला आधी डॉक्टरांशी बोलू द्या, मग आहाराला हात लावा. तुम्ही मोजायचं ते प्रोटीन. दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम रोज. तुम्ही लिहिलेल्या दिवसात मला कसंबसं पस्तीस दिसतंय, दोन वेळा भाकरी, पातळ आमटी, आणि चार वेळा चहा. आमटीत डाळ दिसली पाहिजे सर, भिंगातून नाही. रोज एक वाटी घट्ट उसळ, एक मोठी वाटी दही, चालत असेल तर दोन अंडी. आणि चालण्याबरोबर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, दिवसातून तीनदा, कारण जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात आणि तुमच्याकडे नेमके तेच कमी आहेत.

चहाचं पण सांगते. म्हशीचं दूध अर्धा कप आणि दोन चमचे साखर म्हटली की एका कपाला नव्वदच्या आसपास, चार कप म्हणजे साडेतीनशे. साखर तर तुम्हाला नकोच, आणि गुळाचा चहा "चालतो" असं शाळेतल्या मित्रांनी सांगितलं असेल तर तेही खरं नाही. साखर शंभर ग्रॅमला ४०० कॅलरी, गूळ ३८० च्या आसपास, शुगरला दोन्ही सारखेच.

प्रश्न : दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा, दिवेकर म्हणतात कॅलरी मोजूच नका, तुम्ही म्हणता मोजा. आम्ही करायचं काय?

उत्तर : हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं दोन वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, मधे काही नाही. ज्यांचं वजन त्याने उतरलं त्यांच्या वह्या मी बघितल्यात, त्यांचं जेवण बदललेलं नसतं, अकराचं बिस्किट, चारचा चिवडा, रात्री टीव्हीसमोरची मूठ हे सगळं गेलेलं असतं. न मोजता कॅलरी कमी झाल्या. ज्याला जमतं त्याने करावं (इन्सुलिन किंवा वरच्या सरांसारखी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारूनच). ऋजुता दिवेकर सांगतात आजीच्या हातचं, आपल्या भागातलं, मोसमातलं खा, आकडे नका मोजू. त्यातही तथ्य आहे. २०१९ मधे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे ताजं साधं खाणं दिलं, हवं तेवढं खा म्हणाले. पाकीटबंद खाताना लोकांनी रोज पाचशे कॅलरी जास्त खाल्ल्या, कुणीही जबरदस्ती न करता.

मी मोजा म्हणते ते पंधरा दिवस, आपलं घर आपल्याला कळावं म्हणून. पण आजीच्या हातचं खायचं तर आजीचं काम पण होतं ना, विहिरीचं पाणी, जात्यावरचं दळण. आपण आजीची पोळी खातो आणि लिफ्टने वर जातो.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. इथे पाकिटांवर कॅलरी नसतात, चिवड्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला २१५० असा आकडा आहे! २१५० म्हणजे माझा अख्खा दिवस संपला की.

उत्तर : अगं घाबरू नकोस, ते किलोज्यूल आहेत. तिकडे ऊर्जा किलोज्यूलमधे लिहितात, ४.१८ ने भाग की आपल्या कॅलरी आल्या. २१५० म्हणजे साधारण ५१४. आपल्याकडच्या शेव-चिवडा-फरसाणाचं पण असंच असतं, शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास, कारण तळलेलं.

आता त्याच्या शेजारचा रकाना वाच, सर्व्हिंग साईझ. बहुतेक २५ किंवा ३० ग्रॅम लिहिलं असेल आणि आकडा एकदम गोंडस दिसत असेल. पाकीट किती ग्रॅमचं आहे ते बघ. दोनशेचं असेल आणि क्रिकेट बघताना एका बैठकीत संपत असेल तर तुमच्या घरात सर्व्हिंग म्हणजे ते पाकीट, हजारावर कॅलरी तिथेच, नवऱ्याबरोबर अर्धं-अर्धं केलंस तरी ५१४. वाटीत काढून घे. नैवेद्याच्या.